रिक्षा नाही, टॅक्सीवाले नाही म्हणतात, पूल बंद: परळ-भोईवाड्यात भाड्याची सायकल चालेल, पण चालवणार कोण?

परळ स्टेशनच्या पूर्वेला उतरून केईएम रुग्णालयात जायचं असेल तर अंतर जेमतेम एक किलोमीटर. दादर पूर्वेहून भोईवाड्यात यायचं तर दीड-दोन. हार्बरच्या शिवडी स्टेशनवरून टाटा हॉस्पिटल गाठायचं असेल तरी साधारण तेवढंच. रोज पायी जायला जरा जास्त आणि गाडी करायला जरा कमी, असं हे अंतर आहे. उपनगरात असं अंतर आलं की माणूस हात दाखवून रिक्षा थांबवतो. इथे ती सोयच नाही, कारण वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे, म्हणजे मुंबईच्या शहर भागात, रिक्षाला परवानगी नाही.

उरतात तीन पर्याय: बेस्टची बस, टॅक्सी आणि स्वतःचे पाय. बसचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून पाच रुपयांवरून दहा रुपये झालं, एसी बसचं बारा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. पण भाडं किती हा प्रश्न पुढचा. 'केईएम' किंवा 'भोईवाडा' म्हटल्यावर टॅक्सीवाला मान हलवून पुढे जातो, हा अनुभव परळमध्ये कुणाला नवा नाही.

त्यात सप्टेंबर २०२५ या भागाला फारच जड गेला. १२ तारखेला शंभरी पार केलेला एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाला. त्या जागी अटल सेतूकडे जाणाऱ्या शिवडी-वरळी जोडरस्त्याचा दुमजली पूल व्हायचा आहे. पूर्व-पश्चिम वाहतूक दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर गेली. आधीच भरलेल्या या पुलांवर आणखी गाड्या आल्या, आणि केईएम, वाडिया, टाटा या रुग्णालयांत पश्चिमेकडून वेळेत पोहोचायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. त्याच महिन्यात २० तारखेपासून मोनोरेलही आधुनिकीकरणासाठी थांबवली गेली. दादर पूर्व आणि नायगाव ही तिची स्थानकं भोईवाड्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

अशा ठिकाणी राहणाऱ्या किंवा कामाला येणाऱ्या माणसाच्या फोनवर एक रील येतं. ॲप उघडा, क्यूआर स्कॅन करा, सायकल घ्या, पोहोचलात की सोडून द्या. बघायला छान वाटतं. मग कमेंटमध्ये हमखास एक प्रश्न असतो: आमच्याकडे हे कधी येणार?

आधी एक गोंधळ दूर करू

'बाइक' या एका शब्दाखाली सध्या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र ओढल्या जात आहेत.

पहिली बाइक टॅक्सी. यात चालवणारा दुसरा असतो, तुम्ही मागे बसता. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीच्या धोरणाला मंजुरी दिली, पुढे नियम आले आणि भाडंही ठरलं: पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, नंतर प्रत्येक किलोमीटरला १० रुपये २७ पैसे.

दुसरी भाड्याची ई-बाइक. ही तुम्ही स्वतः चालवता. मोटरची ताकद २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असलेल्या हलक्या गाडीला नोंदणी लागत नाही आणि चालवायला लायसन्सही लागत नाही. ॲपवर मिळणाऱ्या ज्या छोट्या गाड्या नंबरप्लेटशिवाय फिरताना दिसतात, त्या याच नियमामुळे.

तिसरी साधी पायडलची सायकल. एका थांब्यावरून उचलायची, दुसऱ्या थांब्यावर लावायची.

इथे विषय दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा आहे. कारण 'सार्वजनिक सायकल योजना' म्हणतात ती हीच: सायकल सगळ्यांची, एका फेरीपुरती तुमची.

तसं पाहिलं तर कल्पना जुनीच. गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान, मडगार्डवर रंगाने घातलेला नंबर, वहीत लिहिलेली वेळ आणि तासावर भाडं. दुकानदाराला डिपॉझिट लागायचं नाही, कारण मुलगा कोणत्या चाळीतला आणि कुणाचा, हे त्याला ठाऊक असायचं. ॲपवाल्यांनी त्या ओळखीच्या जागी जीपीएस बसवलं. आणि भोईवाड्याचं नावच पालखी वाहणाऱ्या भोयांवरून आलेलं. माणसांना इथून तिथे नेऊन पोहोचवणं हा या वस्तीच्या नावातलाच धंदा आहे.

मुंबईत हे पहिल्यांदाच होतंय का?

नाही. २०१० च्या सुमारास मुलुंडमध्ये काही तरुणांनी 'सायकल चलाओ' नावाने कॉलेजच्या मुलांसाठी भाड्याच्या सायकली आणल्या होत्या. स्मार्टफोन तेव्हा हातोहाती नव्हते. तो प्रयोग फार टिकला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत महापालिकेच्या साथीने युलूच्या सायकली आल्या. २०२० च्या सप्टेंबरात एमएमआरडीएबरोबर युलूच्याच ई-बाइक बीकेसीत आल्या. २०२१ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या जागृतीनगर स्थानकाबाहेर मायबाइकच्या सायकली उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये बेस्टने वोगो कंपनीबरोबर बसथांब्यांजवळ ई-बाइक ठेवायला अंधेरीतून सुरुवात केली.

ही ठिकाणं जरा पुन्हा वाचा. मुलुंड, बीकेसी, जागृतीनगर, अंधेरी. बीकेसीचा अपवाद सोडला तर बाकी सगळीकडे रिक्षा स्टेशनच्या दारात उभी असते. आणि बीकेसीत ऑफिसवाल्यांचा पगार असा की मिनिटाला दीड-दोन रुपये खिशाला जाणवत नाहीत. रिक्षा अजिबात नाही, अंतर सायकलीच्या मापाचं, रस्ते सपाट आणि दिवसरात्र माणसांची ये-जा, अशी जागा म्हणजे परळ-नायगाव-भोईवाडा. सुरुवात कुठेही इथून झाली नाही.

याचं उत्तर शोधायला आधी पुण्यात जावं लागतं.

पुण्यात नेमकं काय झालं?

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात औंध आणि विद्यापीठ परिसरातून भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. त्याच महिन्यात महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पुढच्या काही महिन्यांत पेडल, ओफो, युलू, मोबाइक अशा कंपन्या रांगेने आल्या. पिवळ्या, केशरी, निळ्या सायकली फर्ग्युसन रस्त्यापासून सिंहगड रस्त्यापर्यंत दिसायला लागल्या. भाडं नाममात्र. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याला आपलं जुनं नाव परत मिळतंय, अशा बातम्या झाल्या.

मग त्या सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये खासगी कुलपात सापडू लागल्या. कुणी सीट काढून नेली, कुणी कुलूप तोडलं, काही नदीत गेल्या. ओफोने २०१८ च्या मध्यातच भारतातून गाशा गुंडाळला. बाकीच्याही एकेक करून मागे सरल्या, आणि दोनेक वर्षांत ती लाट ओसरली.

या गोष्टीचा शेवट बहुतेक जण एका वाक्यात करतात: 'आपल्या लोकांना शिस्तच नाही.' हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. सायकली चोरीला पॅरिसमध्येही गेल्या, मोडल्याही, आणि त्या हजारोंनी. तिथली योजना तरीही आजपर्यंत चालू आहे. फरक शिस्तीत कमी आणि करारात जास्त होता.

पुण्यात महापालिकेने सायकली घेतल्या नाहीत आणि चालवण्यासाठी कंपन्यांना पैसेही दिले नाहीत. परवानगी दिली, जागा दिली. सायकल कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, चोरी झाली तर तोटाही कंपनीचा. पालिकेच्या तिजोरीतून काही जात नाही म्हणून ही मोठी हुशारी मानली गेली. पण त्याचा अर्थ असाही होता की ज्या दिवशी कंपनीचं गणित बिघडेल त्या दिवशी ती निघून जाईल आणि तिला कुणी थांबवू शकणार नाही. नेमकं तेच झालं. ओफोच्या मागे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा होता. चीनमध्ये तिच्या सायकलींचे ढीग मैदानांत पडलेले फोटो जगभर फिरले. तो पैसा आटला तेव्हा पुण्यातल्या माणसाच्या घरापासून स्टेशनपर्यंतच्या दीड किलोमीटरशी कुणाला देणंघेणं उरलं नाही.

जिथे टिकली तिथे पैसे कुणी दिले?

पॅरिसची 'वेलिब' योजना जुलै २००७ मध्ये सुरू झाली. सायकलींचा खर्च जाहिरात कंपनीने उचलला, त्या बदल्यात शहरातल्या जाहिरात फलकांचे हक्क तिला मिळाले. म्हणजे शहराने रोख दिली नाही, पण रोखीइतकीच मौल्यवान गोष्ट दिली. लंडनमध्ये २०१० साली सायकलींवर बार्कलेज बँकेचं नाव झळकलं. बँकेने प्रायोजक म्हणून पैसे दिले, तरी मोठा वाटा शहराच्या वाहतूक प्राधिकरणाचाच राहिला.

इतकं लांब जायचं नसेल तर म्हैसूर. जून २०१७ मध्ये तिथे 'ट्रिन ट्रिन' सुरू झाली. सुमारे साडेचारशे सायकली, ठरलेले थांबे, प्रत्येक थांब्यावर सायकल अडकवायची जागा आणि ॲपऐवजी हातात एक कार्ड. योजना कर्नाटक सरकारच्या शहरी वाहतूक खात्याने उभी केली आणि तिला शाश्वत शहरी वाहतुकीच्या प्रकल्पातून निधी मिळाला. सायकली साध्या आणि कार्डही साधं, पण मागे सरकारी खातं होतं. पुण्यापेक्षा लहान असलेल्या या शहराचं उदाहरण भारतात आजही दिलं जातं.

मुंबईत बेस्टच्या बसकडे आपण कसं बघतो? बस तोट्यात चालते हे सगळ्यांना माहीत आहे. महापालिका तिला दरवर्षी कोट्यवधींचं अनुदान देते, आणि ते कमी पडतं म्हणून मुंबईकर ओरडतात. बस ही सेवा आहे हे सगळ्यांना मान्य आहे. सायकलीची पाळी आली की मात्र तिने पहिल्या दिवसापासून स्वतःचं पोट स्वतः भरावं, वर पालिकेला जागेचं भाडंही द्यावं, अशी अपेक्षा असते. एक किलोमीटरच्या फेरीतून हे जमत नाही.

मग रस्त्यावर दिसणाऱ्या त्या ई-बाइक कुणाच्या?

जमत कुणाला? याचं उत्तर परळच्या कोणत्याही सिग्नलवर दिसतं. मागे चौकोनी पिशवी, फोनवर नकाशा. भाड्याच्या ई-बाइकचा मोठा ग्राहक आता डिलिव्हरी करणारा तरुण आहे. तो गाडी एका फेरीसाठी घेत नाही, दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीने घेतो. लायसन्स लागत नाही, पेट्रोल नाही, बॅटरी संपली की बदलून मिळते. कंपनीच्या दृष्टीने असा ग्राहक सोन्यासारखा, कारण गाडी फुटपाथवर रिकामी उभी राहत नाही.

यात वाईट काही नाही, हजारो मुलांचं पोट त्यावर चालतं. पण सार्वजनिक योजना म्हणून ज्या गोष्टीची ओळख करून दिली गेली, तिचा वापर बऱ्याच अंशी दुसऱ्याच कामासाठी होऊ लागला, हे समजून घ्यायला हवं.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, गाडी उघडायचे पाच रुपये आणि पुढे मिनिटाला दीड रुपया असा दर आहे. दादर पूर्वेहून भोईवाड्यापर्यंत दोन किलोमीटर, सिग्नल आणि गर्दी धरून बारा मिनिटं. म्हणजे २३ रुपये. टॅक्सीच्या किमान भाड्यापेक्षा आठ रुपये कमी, बसच्या किमान भाड्याच्या दुपटीहून जास्त. जाऊन-येऊन ४६. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ११५०. केईएममध्ये कंत्राटावर काम करणारा कर्मचारी हे पैसे शेवटच्या दीड-दोन किलोमीटरवर घालवणार नाही. तो चालेल. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होतात असं दिसलं होतं. सगळ्यांना चालायची आवड आहे म्हणून हे होत नाही. बऱ्याच जणांना परवडणारं दुसरं काही जवळ नसतं.

म्हणून दर ठरवताना खरी तुलना टॅक्सीशी नाही, दहा रुपयांच्या बसशी करायला हवी. आणि दहा रुपयांच्या आसपासचा दर कुणाच्या तरी अनुदानाशिवाय शक्य नाही.

मालकीची सायकल का नाही घेत?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि गिरणगावात त्याचं उत्तर जागेत आहे. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात पाच-सहा माणसं. सायकल ठेवायची कुठे? जिन्याखाली, तीही शेजाऱ्यांशी भांडून. व्हरांड्यात लावली तर येणाजाणाऱ्याला अडचण, रस्त्यावर लावली तर सकाळी असेलच याची खात्री नाही. भाड्याच्या सायकलीचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. ती रात्री घरात ठेवावी लागत नाही.

दुसरा फायदा बंद पुलामुळे लक्षात येतो. स्वतःची सायकल घेऊन परळ पूर्वेहून प्रभादेवीला जायचं असेल तर टिळक पूल किंवा करी रोडचा फेरा आहे, नाहीतर सायकल खांद्यावर घेऊन रेल्वेच्या पादचारी पुलाचे जिने चढायचे. भाड्याची सायकल असेल तर ती परळ स्टेशनच्या पूर्वेला सोडायची, जिने रिकाम्या हाताने चढायचे आणि पलीकडे उतरून दुसरी घ्यायची. ही सोय ना टॅक्सी देऊ शकते, ना बस. अट एकच: दोन्ही बाजूंना सायकल असली पाहिजे.

थांबे किती लागतील?

सार्वजनिक सायकलींच्या नियोजनात जगभर एक ढोबळ माप वापरलं जातं: प्रत्येक चौरस किलोमीटरला १० ते १६ थांबे, म्हणजे साधारण दर ३०० मीटरवर एक. त्याहून विरळ झाले की लोक सायकल शोधत फिरत नाहीत, सरळ चालायला लागतात. हे माप इथे लावून पाहा. परळ स्टेशन, दादर पूर्व, शिवडी स्टेशन, हिंदमाता, नायगाव, भोईवाडा न्यायालय, केईएम, वाडिया, टाटा. नऊ नावं सहज झाली, आणि अजून चाळी, शाळा, बाजार राहिलेच. दोन थांबे टाकून, फीत कापून, फोटो काढून काही होणार नाही. आतापर्यंतच्या कित्येक योजना इथेच अडकल्या. पाचशे सायकली अख्ख्या शहरात पसरल्या की कुणालाच मिळत नाहीत. त्याच पाचशे एका विभागात ठेवल्या तर लोकांना सवय लागते.

आणखी एक अडचण वेळेची. सकाळी माणसं स्टेशनकडून रुग्णालयांकडे जातात. आठ वाजता परळ स्टेशनच्या थांब्यावर एकही सायकल उरणार नाही आणि केईएमच्या दारात लावायला जागा राहणार नाही. मग टेम्पोत भरून त्या परत आणाव्या लागतात. हे काम रोजचं, माणसांचं आणि खर्चाचं आहे. ॲप ते करत नाही. योजनेची जाहिरात करताना हा टेम्पो कधी दाखवत नाहीत, पण योजना चालते ती त्याच्यावर.

फुटपाथवर की रस्त्यावर?

इथे नाजूक गोष्ट आहे. टाटा आणि केईएमच्या आसपासच्या फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक राहतात. जळगावहून, बीडहून, थेट बिहार-बंगालहून आलेले. उपचार महिनोन्महिने चालतात, धर्मशाळेत जागा मिळत नाही, म्हणून फुटपाथ. तिथे सायकलींचा चकचकीत थांबा करायचा ठरला तर आधी कुणाला उठवलं जाईल, हे सांगायला नको. शिवाय जो थोडा फुटपाथ मोकळा आहे त्यावर व्हीलचेअर आणि स्ट्रेचर चालतात. चार ई-बाइक आडव्या पडल्या की तोही गेला.

त्यामुळे जागा रस्त्याच्या कडेच्या पार्किंगमधून काढावी लागेल. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. दहा मोटारींची जागा दिली की विभागातला पहिला टप्पा उभा राहतो. रस्त्यावरच्या मोटारीचं पार्किंग हलवायचं म्हटलं की मुंबईत काय होतं, याचं उदाहरण बीकेसीत आहे. एमएमआरडीएने २०११ च्या सुमारास तिथे तेरा किलोमीटरचा सायकल ट्रॅक बांधला, सुमारे साडेसहा कोटी खर्चून. त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, खाण्याच्या गाड्या लागल्या, आणि पुढे तो काढून टाकण्यात आला. पवई तलावाच्या काठचा ट्रॅक तर मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तलावात भराव टाकून सायकलस्वारांसाठी निसर्गरम्य रस्ता करण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारा सायकलस्वार होता. परळमध्ये रोज सायकल चालवणारे वेगळेच आहेत: पाववाला, पेपरवाला, दूधवाला, स्टेशनवरून डबे उतरवून घेणारा डबेवाला, रात्रपाळीचा वॉचमन. त्यांना तलाव नको. आंबेडकर रस्त्यावर बस अंगावर येणार नाही एवढी कडेची पट्टी हवी.

पावसाचं काय, हा प्रश्न कुणी विचारेलच. हिंदमाताला पाणी साचतं, तिथे पाणी साठवायच्या भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या एवढी ती जागा प्रसिद्ध आहे. बॅटरीची गाडी तिथल्या पाण्यात घालू नये. मुसळधार पावसाचे ते दिवस योजना बंद राहील, आणि राहू दे. बसही राहते. गणपतीचे दहा दिवस लालबागपासून परळपर्यंत रस्त्यावर माणसांशिवाय काही चालत नाही, तेव्हाही तसंच.

तोपर्यंत ॲपवरची गाडी घ्यायची असेल तर

पहिल्यांदा वापरणाऱ्यांची बहुतेक भांडणं गाडी सोडताना होतात. फेरी संपवायची तर ॲपच्या नकाशात दाखवलेल्या थांब्यावरच, नाहीतर मीटर चालू राहतं किंवा दंड लागतो. म्हणून उलटं करा: गाडी घ्यायच्या आधी, जिथे जायचंय तिथे जवळ थांबा आहे का ते बघा. नसेल तर ती फेरी तुमच्यासाठी नाही. गाडी लावल्यावर ॲपमध्ये 'फेरी संपली' असं दिसेपर्यंत तिथून हलू नका, आणि एक फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार झाली तर तोच कामाला येतो.

घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायरला हात लावा, सीटचा स्क्रू घट्ट आहे का ते पाहा, ई-बाइक असेल तर बॅटरी किती उरली ते बघा. वॉलेटमध्ये पहिल्याच दिवशी मोठी रक्कम टाकू नका. उरलेले पैसे परत मिळतात की फक्त पुढच्या फेरीला वापरता येतात, हे आधी वाचा. मध्येच थांबून औषध घ्यायचं असेल तर त्या वेळेचेही पैसे लागतात, दर कमी असला तरी. हलक्या ई-बाइकला लायसन्स लागत नाही म्हणजे सिग्नल लागत नाही असं नव्हे. हेल्मेट घाला, विशेषतः आंबेडकर रस्त्यावर.

आणि एक अडचण तुमच्या हातात नाही. ॲप, आधार, यूपीआय आणि मराठी किंवा हिंदीऐवजी बऱ्याचदा इंग्रजी पडदा. टाटात आलेल्या नातेवाईकाकडे बटणाचा फोन असेल तर समोर दहा गाड्या उभ्या असूनही त्याच्या उपयोगाच्या नाहीत. म्हैसूरसारखं कार्ड ठेवून यावर उपाय करता येतो. बेस्टच्या प्रवासी कार्डावरच सायकल मिळाली तर आणखी सोपं. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. मात्र त्यासाठी बस आणि सायकल एकाच खात्याच्या हिशेबात यावी लागेल.

परळ, शिवडी, नायगाव, भोईवाडा हा भाग महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात येतो. बीडीडी चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या टॉवरमध्ये मोटारींसाठी पार्किंगचे मजले असतील. त्या आवारांच्या दाराशी सायकलींचा थांबा हवा का, हे ठरवायची वेळ आता आहे, कारण एकदा कुंपण झालं की इंचभर जागा निघत नाही. रस्त्याच्या कडेला कुठे मोटार उभी राहील आणि कुठे नाही हे ठरवणारी कंपनी नाही, पालिका आणि वाहतूक पोलीस आहेत. 'आमच्याकडे कधी येणार' ही कमेंट रीलखाली लिहिण्याऐवजी विभाग कार्यालयाच्या आवक टेबलावर दिली तर तिच्यावर निदान नंबर पडतो.